खुराड्याचं छप्पर नव्हे, बूड सांभाळा

मे महिना सरत आला की आपल्या कोकणात तालुक्याच्या बाजारात निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांचे ढीग लागतात. कोणी भात-गवतासाठी नेतो, कोणी पडवीसाठी, आणि हल्ली बरेचजण कोंबड्यांच्या खुराड्यासाठी. बांबू नाहीतर पाईप वाकवून कमानी रोवायच्या, वर ताडपत्री ओढायची, बाजूला जाळी मारायची, की दोन दिवसांत शंभरेक गावठी कोंबड्यांचा निवारा तयार. खर्च कमी, काम झटपट. मग पहिल्याच वादळी पावसात ते उडालं की आपण म्हणतो, "ताडपत्रीच हलकी निघाली."

शेतकरी बंधू-भगिनींनो, ताडपत्रीला दोष देण्याआधी खुराड्याच्या बुडाकडं बघा. ताडपत्री फाटून उडते त्यापेक्षा खालून वारा शिरून उडते. वारा वरून दाबत नाही, तो कमानीवरून जाताना छप्पर वर खेचतो आणि आत शिरला तर आतूनही फुगवतो. दहा बाय वीस फुटांचं खुराडं धरा. ताशी ५० किलोमीटरचा वारा त्याला ढोबळमानानं दोन क्विंटलच्या वर जोरानं उचलू पाहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणजे १०० किलोमीटरला साडेआठ-नऊ क्विंटल! आणि आपल्या खुराड्याचं वजन किती? बांबू, जाळी, ताडपत्री मिळून फार तर एखादा क्विंटल. मग ते जागेवर राहावं तरी कसं?

म्हणून जाड ताडपत्रीवर हजार रुपये जास्त घालण्याआधी ते पैसे दोरीवर आणि खुंट्यांवर घाला. कमानी चार फुटांपेक्षा लांब रोवू नका. त्यांच्या माथ्यावरून एक आडवा बांबू आणि दोन्ही टोकांना तिरप्या काठ्या बांधा, म्हणजे सांगाडा एका अंगाला कलणार नाही. बांबूचं जमिनीतलं टोक डांबरात बुडवून घ्या, नाहीतर वाळवी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ठेवत नाही. ताडपत्री नुसत्या कडेच्या भोकांतून बांधली तर तिथूनच फाटते. कड बांबूला गुंडाळून बांधा आणि वरून आडव्यातिडव्या दोऱ्या टाका. गवताची उडवी वाऱ्यात राहावी म्हणून आपण वरून दोर टाकून खाली वजन बांधतो ना, तेच इथं करायचं. दोऱ्या दोन फूट खोल, तिरप्या ठोकलेल्या खुंट्यांना आवळा. कातळावर पहार जात नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरा. एका गोणीचं ४०-५० किलो वजन होतं, दोन्ही अंगांना दहा-दहा गोण्या बांधल्या की हिशेब जुळतो.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्याला अरुंद बाजू दिली की मार कमी बसतो. उन्हाळ्यातही ऊन आत कमी शिरतं. माथा सपाट ठेवू नका. मीटरभर लांब-रुंद खळग्यात इंचभर पाणी साचलं तरी २५ किलोचा भार होतो, आणि भारानं खळगा वाढतच जातो. जमीन फूटभर उंच करून भोवती चर काढा.

पण वारा अडवायचा म्हणून खुराडं चारी बाजूंनी गच्च बंद करणं हीसुद्धा मोठी चूक आहे. आत वाफ कोंडते, तूस ओलं होतं, डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो आणि कोंबड्यांना रक्ती हगवण लागते. वादळातून वाचलेले पक्षी मग आठवड्यानं मरायला लागतात. बाजूचा पडदा खाली पक्का बांधा आणि वर वीतभर मोकळा ठेवा. ओलं तूस रोज काढून कोरडं टाका.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे खुराडं नेहमीच्या पावसाळ्यासाठी आहे, चक्रीवादळासाठी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत पक्क्या घरांवरचे पत्रे उडाले, तिथं ताडपत्रीची काय कथा! हवामान खात्याचा इशारा आता एक-दोन दिवस आधी कळतो. तो आला की पक्षी पडवीत, गोठ्यात, जमेल तिथं भिंतीच्या आडोशाला हलवा आणि ताडपत्री सोडून गुंडाळून ठेवा. उघड्या कमानींतून वारा निघून जातो, सांगाडा वाचतो. तहान लागल्यावर विहीर खणू नका.

ग्रामपंचायत अधिकारी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या मंडळींनाही दोन शब्द. परसातल्या कोंबड्या बहुतेक घरी बायांच्या हातात असतात. अंड्यांच्या पैशावर घरचं मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या निघतात. वादळानंतर पंचनामा येईपर्यंत मेलेले पक्षी पुरावेच लागतात, मग आकडा सिद्ध कसा करायचा? केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत मदत कोंबडीमागं १०० रुपये आणि कुटुंबाला जास्तीत जास्त १० हजार रुपये एवढीच धरली. अंड्यावरच्या कोंबडीची किंमत त्यात निघत नाही. तेवढंही कागद नाही म्हणून बुडू नये. दर मे महिन्यात गावातल्या खुराड्यांची आणि पक्ष्यांची नोंद एका वहीत करून ठेवा. त्याला निधी लागत नाही, एक दिवस लागतो. आणि योजनेतून तलंगा, पिल्लं वाटता तेव्हा त्याच दिवशी खुराडं कसं बांधावं, हे एक खुराडं समोर बांधून दाखवा.

पक्षी देणं सोपं आहे, तो पावसाळ्यापार नेणं अवघड. तेव्हा बाजारातून ताडपत्री आणाल तेव्हा सोबत दोरीचं भेंडोळं आणि खुंट्या आणायला विसरू नका.