निदान केस पेपरवर लिहा

अँजिओप्लास्टी झालेल्या एका रुग्णाचा क्लेम गेल्या महिन्यात नामंजूर झाला. त्याच्या फॅमिली डॉक्टरांच्या तीन वर्षांपूर्वीच्या कागदावर एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम होते, आणि प्रपोजल फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता. बंद झालेल्या धमनीचा आणि त्या गोळीचा संबंध काय, हे विमा कंपनीने सांगितलेले नाही. 'पूर्वविकार लपवला', एवढ्यावर फाइल बंद. हे कळवणाऱ्या आमच्या वाचक-डॉक्टरांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे, 'यापुढे असली औषधे मी वेगळ्या चिठ्ठीवर देतो. केस पेपरवर काही ठेवत नाही.'

अशी पत्रे आता वरचेवर येतात. कोणी 'अशक्तपणा' लिहितो, कोणी 'झोपेची तक्रार', कोणी नुसते 'ॲसिडिटी' लिहून खाली क्लोनाझेपाम. रुग्णच हात जोडून सांगतो, डॉक्टर, तेवढे लिहू नका. मुलीचे लग्न आहे, नोकरीची मेडिकल आहे, पॉलिसीचे नूतनीकरण आहे. आणि आपण ऐकतो.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४) नुसार शारीरिक आजारांना जसे विमासंरक्षण, तसेच मानसिक आजारांना द्यायचे आहे. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा कळवले. एकच गोष्ट दोनदा का सांगावी लागली, याचा जाब कोणी विचारला? कंपन्यांनी पॉलिसीत एक ओळ घातली आणि त्या मोकळ्या झाल्या. बहुतेक पॉलिसींत २४ तास दाखल असल्याशिवाय क्लेम बसत नाही. झटक्यानंतर, कर्करोगाच्या निदानानंतर, डायलिसिस सुरू झाल्यावर येणारे नैराश्य आपण कुठे हाताळतो? ओपीडीत. एक एसएसआरआय, दर पंधरा दिवसांनी भेट, जमले तर समुपदेशन. यातला एक रुपयाही परत मिळत नाही. रुग्ण जेवणे सोडेपर्यंत, जीव देण्याचा प्रयत्न करेपर्यंत थांबला, तर मात्र टीपीए कॅशलेसचा विचार करणार! वेळेवर, स्वस्तात बरा होणाऱ्या माणसाला ही व्यवस्था दंड करते. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांनी जनरल ओपीडीत एक सकाळ तरी बसून पाहावे.

प्रपोजल फॉर्म बहुतेकदा एजंट भरतो आणि सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहितो. रुग्ण न वाचता सही करतो. म्हणून फॉर्म स्वतः भरा आणि खरे लिहा, हे आपणच रुग्णाला सांगितले पाहिजे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हा २०२४ चा नियमही सांगा. एजंट तो सांगणार नाही.

पण कंपन्यांवर कितीही राग असला, तरी कागद कोरा ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. औषध-प्रतिरोधक क्षयाच्या रुग्णाला लिनेझोलिड सुरू होते आणि तो आधीपासून सर्ट्रालिनवर आहे हे क्षय केंद्राला माहीत नसते; सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका कोणाच्या लक्षात येणार? बेडाक्विलिनबरोबर एसिटालोप्राम चालू असेल तर ईसीजीवर क्यूटी पाहायला हवा, हे कोणाला सुचणार? सायक्लोसेरिनने येणारे नैराश्य जुने की नवे, हे कशावरून ठरवणार? टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला वेगळ्या चिठ्ठीवर पॅरोक्सेटिन मिळते, टॅमॉक्सिफेनचे एन्डॉक्सिफेनमध्ये रूपांतर मंदावते, आणि ऑन्कॉलॉजिस्टला याचा पत्ताच नसतो. आपल्या भिडेची किंमत इथे रुग्ण मोजतो.

आणि स्वतःच्या बाबतीत आपण याहून वाईट वागतो. सॅम्पलच्या कपाटातली अल्प्राझोलामची स्ट्रिप, बॅचमेटने फोनवर सांगितलेला डोस, बायकोच्या लेटरहेडवर लिहिलेली गोळी. केस पेपर नाही, फॉलोअप नाही, रक्तदाब स्वतःच मोजायचा आणि स्वतःच दुर्लक्ष करायचे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाच्या २०२४ च्या अहवालात सर्वेक्षणातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले आहे. हीच मुले उद्या आपल्या गावात दवाखाना टाकणार आहेत. त्याच कार्यदलाने कामाचे तास आठवड्याला ७४ च्या वर नसावेत असे सुचवले. १९९२ च्या केंद्रीय निर्देशात हा आकडा ४८ होता. बत्तीस वर्षांत आपण मागे आलो आहोत, आणि ज्येष्ठ डॉक्टर अजून 'आम्हीही छत्तीस-छत्तीस तास काढले' हेच ऐकवतात. त्यांनी हे बोलणे आता थांबवावे. त्या छत्तीस तासांनी कोण मोडले, कोणी दारू जवळ केली, हे आपल्या प्रत्येक बॅचला माहीत आहे.

तेव्हा या महिन्यात एवढे कराच. नवरा, बायको किंवा बॅचमेट नसलेला एक डॉक्टर स्वतःसाठी निवडा. त्याच्याकडे पेशंट म्हणून नंबर लावून जा आणि केस पेपर काढा. दीर्घ आजाराच्या प्रत्येक रुग्णाकडून पीएचक्यू-९ भरून घ्या. तो मोफत आहे, भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल तर रुग्णाला त्याच दिवशी थांबवून बोला. निदान लिहा. रुग्ण घाबरला तर त्याला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मधला गोपनीयतेचा हक्क समजावून सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक वेटिंग रूममध्ये लावा. तो आपल्यासाठीही आहे, रात्री अडीचलाही.

विमा कंपन्यांची नकाराची पत्रे रुग्णाची संमती घेऊन, नाव-पत्ता खोडून आमच्याकडे पाठवा. ती एकत्र करून आम्ही नियामकापुढे ठेवणार आहोत. रुग्णालाही आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे दाद मागायला सांगा. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून ज्यांच्याकडे जुनी पत्रे पडून आहेत त्यांनी ती आधी बाहेर काढावीत.