स्लोच्या स्क्रूला हात लावण्याआधी

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारी एक जुनी डीआय पिकअप गेल्या महिन्यात माझ्यासमोर आली, ती तीन गॅरेज फिरून. तक्रार आपल्या रोजच्या ऐकण्यातली होती. स्लोवर गाडी थरथरते, रेस आपोआप वरखाली होते आणि सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. पहिल्या गॅरेजमध्ये स्लो वाढवून दिला होता. दुसरीकडे चारही नोझल बदलले. तिसरीकडे पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला. मालकाचे पैसे गेले, आठवडाभर माल भाड्याच्या गाडीने गेला आणि दुखणं होतं तिथेच राहिलं.

मी चालकाला म्हटलं, "दादा, बंद पडायला लागली तेव्हापासूनचं सगळं सांगा." तो म्हणाला, "मिस्त्री, टाकी भरलेली असली की बरी चालते. अर्ध्याखाली आली की सुरू होतं. आणि सकाळी सेल्फ लई मारावा लागतो."

निदान त्या तीन वाक्यांतच होतं. टाकीतलं डिझेल खाली गेलं की फीड पंपाला ते जास्त उंच ओढावं लागतं. ओढ वाढली की सक्शन लाइनमध्ये जिथे बारीक फट असेल तिथून हवा आत शिरते. तिथून डिझेल बाहेर ठिबकत नाही, म्हणून पाइप वरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि आपण पुढे जातो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा घुसते, डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी बॅटरीचा जीव जातो. त्रास स्लोवरच जास्त का, तर स्लोवर प्रत्येक फवाऱ्यात डिझेल अगदी थोडं असतं. तेवढ्यात बुडबुडा आला तर तो फवारा वायाच. गव्हर्नर ती पडती रेस सावरायला धावतो, मग जास्त देतो, मग पुन्हा आवरतो. यालाच आपण हंटिंग म्हणतो.

फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन सुरू केलं तर नळीतून बुडबुड्यांची रांग चाललेली. मग टाकी बाजूला ठेवून स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या उंचीवर टांगला आणि थेट फीड पंपाला जोडला. एअर काढली. इंजिन शांत झालं. म्हणजे दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधला, हे अर्ध्या तासात कळलं. चासीला घासणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. पाइपचा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढंच सामान लागलं.

ही गोष्ट मी कुणाला कमी लेखायला सांगत नाही. त्या तिघांच्या हातात कसब नक्की होतं. पण तिघांनीही दुखणं ऐकण्याआधी औषध दिलं, आणि आपल्या धंद्यात हे सर्रास चालतं. जुन्या पिकअपचा पंप हा आपला ठरलेला आरोपी झाला आहे. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं तरी आपण त्याला अजून मायकोच म्हणतो, इतकी त्या पंपाची आणि आपली जुनी ओळख. तो खरंच खराब होतो, नाही असं नाही. पण त्याचं सील तोडायचं ते हवा, फिल्टर, ओव्हरफ्लो, नोझल आणि कॉम्प्रेशन यांची पाळी संपल्यावर.

हंटिंग आणि मिसिंग यांत गल्लत होते, म्हणून कानाबद्दल थोडं. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर असेल तर सेकंदाला २५ ठोके पडतात. एक सिलिंडर गप्प असेल तर सेकंदाला साधारण सहा वेळा खड्डा पडतो. सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहिलं की ती लंगडी चाल लगेच कळते. हंटिंग त्याहून खूप संथ, दम लागल्यासारखं. आणि सायलेन्सरचा ठोका एकसारखा असून केबिनच हलत असेल तर इंजिनाला हात लावू नका, फाउंडेशनचे रबर बघा.

मिसिंग असेल तर जुनी पद्धत अजून सगळ्यांत भरवशाची. स्लोवर एकेका नोझलचा पाइप नट ढिला करा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर तिथे. पण लगेच नवा नोझल घालू नका. शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग नोझलबरोबर गेलं तर दोष नोझलचा. जागेवर राहिलं तर टॅपेट, कॉम्प्रेशन, नाहीतर पंपाचा एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह. या प्रयोगात डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपासाठी. कॉमन रेलच्या गाडीत चालू इंजिनावर हाय प्रेशरच्या नटाला पाना लावायचा नाही. तिथला दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो आणि हात गमावण्याची वेळ येते. तिथे स्कॅनर आणि रिटर्नची मापं घ्या.

ईजीआर असलेल्या गाडीत त्याचा व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला तरी स्लो बिघडतो. तो काढून साफ करा. पत्रा लावून कायमचा बंद करण्याची सवय मला मान्य नाही. त्याने वाढणारा विषारी वायू आपल्याच गावात राहतो.

स्लो वाढवून देणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण गाडी घाटात बंद पडण्याची शक्यता तशीच राहते. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर फिरतो. माळशेज उतरताना इंजिन बंद पडलं तर साठ्यातल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पेडल दाबता येतं, मग पाय दगडावर. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही त्याच क्षणी जड होतं. पाठीमागे दीड टन माल असताना हे काय असतं ते चालकाला विचारा.

आपण तपासत का नाही, याचं कारण मला ठाऊक आहे. नोझलचं बिल होतं, पारदर्शक नळीचं होत नाही. गिऱ्हाईक सामानाचे पैसे देतं आणि बघण्याचे म्हटलं की "नुसतं बघायचे कसले पैसे?" असं विचारतं. म्हणून माझी आपल्या सर्व गॅरेजवाल्यांना विनंती आहे: तपासणीची मजुरी वेगळी लावा, ती फळ्यावर लिहा आणि गाडी घेण्याआधी सांगा. मी ती पिकअप सोडताना मालकाला तपासणीचे पैसे पाइपच्या किमतीहून जास्त लावले, आणि बुडबुडे त्याने स्वतः पाहिले होते म्हणून त्याने ते कुरकुर न करता दिले. गिऱ्हाइकाला नळीजवळ उभं करा. आणि जॉब कार्डावर सामानाच्या यादीच्या वर दोन ओळी कोऱ्या सोडा, चालक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला.