चष्म्याच्या दुकानातून : ‘सवय होईल’ म्हणण्यापूर्वी



उन्हाळा आला की आपल्या अमेरिकेतल्या घरांत आई-वडील, सासू-सासरे येतात आणि त्यांच्याबरोबर नवे कोरे चष्मेही येतात. काही निघायच्या गडबडीत पुण्या-मुंबईला केलेले, काही इथे आल्यावर मुलांनी हौसेनं करून दिलेले. पंधरा दिवसांत त्यांतला एखादा ड्रॉवरमध्ये जातो आणि जुना चष्मा पुन्हा नाकावर चढतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “चांगला आहे रे, आपलं उगीच!” मुलाचे एवढे डॉलर गेले, आता तक्रार कशी करायची, हा संकोच. पण बेसमेंटचा जिना उतरताना पायरी चुकली, तर हा संकोच फार महागात पडतो.

असं कोणी दुकानात आलं की आम्ही आधी ऐकून घेतो. ‘सवय होईल’ हे पुष्कळदा खरं असतं, पण ते पहिलं उत्तर नव्हे. आम्ही विचारतो : त्रास लांबचं बघताना होतो, वाचताना होतो की चालताना? एका डोळ्याला की दोन्ही? जुन्या चष्म्यातून काय बरं दिसतं? जुना चष्मा जरूर बरोबर आणावा. दोन्ही मशीनवर तपासले की निम्मं कोडं तिथंच सुटतं.

सर्वांत जास्त तक्रारी प्रोग्रेसिव्ह काचांच्या. यात वर लांबचं, मध्ये कॉम्प्युटरच्या अंतराचं आणि खाली वाचायचं दिसतं. दोन्ही कडांना धूसर असणारच. म्हणून बाजूला बघताना नुसते डोळे न फिरवता मान वळवायची. जिना उतरताना हनुवटी खाली घ्यायची, म्हणजे पायरी वाचायच्या भागातून दिसत नाही.

घरी एक साधी परीक्षा करा. वाचताना चष्मा बोटानं किंचित वर उचलल्यावर अक्षर स्पष्ट झालं, तर बहुधा फ्रेम घसरते आहे. नाकावरचे पॅड नीट केले की काम होतं, आणि ते पाच मिनिटांचं असतं. उलट, लांबचं बघायला सारखी मान खाली घालावी लागत असेल, तर काच जास्त वर बसली असेल. दोन बाहुल्यांमधलं अंतर चुकीचं घेतलं असेल तरी डोकं दुखतं. नंबर जितका मोठा, तितका एकेक मिलिमीटर जाणवतो. सिलिंडरचा नंबर बदलला की जमीन तिरकी वाटते, ते मात्र आठ-पंधरा दिवसांत बहुधा जातं.

मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. साखर वर-खाली होत असताना काढलेला नंबर साखर ताळ्यावर आली की जुळत नाही. तेव्हा साखर स्थिर झाल्यावरच डोळे तपासावेत. आणि अचानक एकाचे दोन दिसू लागले, डोळ्यापुढे वीज चमकली, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर चष्म्याला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

भारतात चष्मा करणाऱ्यांना आमचं सांगणं : परतीच्या आदल्या दिवशी ताब्यात घेऊ नका. आठवडाभर तिथंच वापरा, म्हणजे तक्रार घेऊन जायला दुकान जवळ असेल. इथे करत असाल, तर काचा बदलून मिळण्याची मुदत ऑर्डर देतानाच विचारा. आणि डोळे तपासल्यावर नंबरचा कागद मागून घ्या; तो न मागताही दिलाच पाहिजे, असा इथला नियम १९७८ पासून आहे. बाहुल्यांमधलं अंतर त्यावर असेलच असं नाही, तेही विचारून लिहून घ्या.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात घरातल्या आजी-आजोबांना विचाराच, “नवा चष्मा कुठे ठेवलाय?” ड्रॉवरमध्ये सापडला, तर रागावू नका. दोन्ही चष्मे घ्या आणि त्यांना घेऊन दुकानात जा. आणि तिथे बोलू द्यावं त्यांनाच!