टाकीतली भांडणं

काचेच्या टाकीतल्या गप्पीची झुपकेदार शेपटी कुरतडलेली दिसली, की आपण लगेच औषधाची बाटली शोधतो. थांबा! आधी दहा मिनिटं टाकीसमोर शांत बसा. कोण कोणाच्या मागे लागतंय, ते पाहा.

पट्ट्यापट्ट्यांचा टायगर बार्ब असेल, तर त्याला लांब पर दिसला की चावल्याशिवाय राहवत नाही. तो दुष्ट नाही बरं का! तो कळपात राहणारा मासा. दोन-तीनच असले, तर शेजाऱ्यांना छळतात. सहा-आठ असले, की बहुतेक वेळ आपसांतच पळापळ करतात. तरीही गप्पी किंवा एंजल त्यांच्या शेजारी नकोच. आणि फायटरचे दोन नर तर एका टाकीत कधीही ठेवू नयेत.

जखमी माशाला स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टाकीत हलवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना इजा करतं, म्हणून ते घालवणारे थेंब पाण्यात आधी टाका. रोज थोडं पाणी बदला, उरलेलं खाणं काढून टाका. पर मुळापासून तुटला नसेल, तर काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं, तर बहुधा ती बुरशी. मग मात्र जाणकाराला विचारून औषध द्या.

बरा झालेला मासा पुन्हा त्याच दांडग्या शेजाऱ्याजवळ सोडू नका हं! आणि आई-बाबांनो, पुढच्या वेळी दुकानात रंग पाहण्याआधी विचारा, ‘हा मासा कोणाशी जमवून घेतो?’