नवा संगणक घेण्याआधी थोडे थांबा

गिऱ्हाईक आता दुकानाची पायरी चढण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागते. धरमपेठेतील आमच्या दुकानाचा हाच अनुभव आहे आणि गांधीबाग-इतवारीच्या ठोक व्यापाऱ्यांचाही याहून वेगळा नसावा. व्हिडिओ बनवणे हा आता पोरांचा शौक राहिलेला नाही, धंद्याचे काम झाले आहे. तेव्हा त्यात पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, हेही कळले पाहिजे. मी हे नुकसान सोसून शिकलो.

गेल्या लग्नसराईच्या आधी आम्ही टसरच्या करवती साड्यांचा व्हिडिओ करायला घेतला. विदर्भातली ही साडी तीन धोट्यांवर विणतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा जिथे एकमेकांत अडकतो, तिथे करवतीच्या दातांसारखी कडा तयार होते. सगळी किंमत त्या दातांची! पण पूर्ण साडी दाखवली तर दात दिसत नाहीत, आणि काठ जवळून दाखवला तर साडी दिसत नाही. पुतण्याने उपाय काढला, पिक्चर-इन-पिक्चर. मोठ्या चित्रात पूर्ण साडी, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत काठ. मग ती चौकट सरकत मध्यभागी येऊन मोठी होणार.

चौकट अशी हलवण्याचे तंत्र आपल्या शिंप्याला पाच मिनिटांत समजेल. तो कापडावर खडूने दोन खुणा करतो आणि मधली रेघ ओढतो. इथे त्या खुणेला कीफ्रेम म्हणतात. तिसऱ्या सेकंदाला चौकट कोपऱ्यात एवढी लहान, पाचव्या सेकंदाला मध्यभागी एवढी मोठी, अशा दोन खुणा केल्या की मधला प्रवास संगणक स्वतः भरतो. सुरुवात आणि शेवट जरा हळू ठेवण्याची सोयही असते, ती वापरली की चौकट धक्का देत थांबत नाही.

आमचे चुकले ते पुढे. संपादन करताना पडद्यावर चौकट अडखळत, उड्या मारत चालू लागली. पुतण्याला वाटले, खुणा कमी पडल्या. त्याने मध्ये आणखी सहा-सात खुणा घातल्या. तरी अडखळणे थांबेना. "चाचा, मशीन कमजोर आहे," तो म्हणाला. संगणकाच्या एका दुकानदाराने तेच सांगून पाऊण लाखाचा अंदाज हातात दिला. लग्नसराई तोंडावर, म्हणून आम्ही व्हिडिओ तसाच तयार करून पाठवला. त्यात अडखळणे नव्हते. पण त्या वाढीव खुणांमुळे चौकट लटपटत होती, पिऊन आल्यासारखी. बाहेरगावच्या ज्या घराण्याला वीस साड्या हव्या होत्या, त्यांनी कळवले की काठ नीट दिसत नाही. ऑर्डर गेली.

दोष ना खुणांचा होता, ना मशीनचा. संपादन करताना दिसते ती फक्त झलक. संगणकाला ती त्याच क्षणी दाखवावी लागते, आणि वेळ पुरला नाही की तो फ्रेम गाळतो. शेवटचा व्हिडिओ तयार करताना तो सावकाश एकेक फ्रेम बनवतो, काही गाळत नाही. म्हणजे अडखळणाऱ्या झलकीवरून चाल दुरुस्त करणे हे संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली कापडाचा रंग ठरवण्यासारखे आहे.

आता संगणकाला वेळ का पुरत नाही? मोबाईलच्या 4के चित्रणात एका फ्रेमला 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके असतात. असे सेकंदाला 25-30 फ्रेम. चौकट घातली की एकाच वेळी दोन व्हिडिओ. त्यात मोबाईल जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, बहुतेकदा शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच लिहून ठेवतो. मधला एक वार दाखवायचा तर आख्खे थान उलगडावे लागते, तशी ही गत!

यावरचा इलाज आपल्या धंद्यात रोजचा आहे. आपण गिऱ्हाइकापुढे नमुन्याचे तुकडे ठेवतो, थान गोदामात राहते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा नमुना करता येतो, त्याला प्रॉक्सी म्हणतात. 960 गुणिले 540 चा नमुना केला तर ठिपके सोळाव्या हिश्श्यावर येतात. काम नमुन्यावर करायचे, शेवटचा व्हिडिओ मात्र मूळ चित्रणावरून निघतो आहे ना हे पाहून घ्यायचे. केडेनलाइव्ह पूर्ण मोफत आहे, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते. दोन्हीत ही सोय आहे. एवढ्यानेही भागले नाही तर चौकट हलते तेवढाच तुकडा आधी रेंडर करून ठेवावा, मग तो न अडखळता चालतो. आणि चित्रण पेनड्राइव्हवरून चालवू नये. आम्ही तेही करत होतो.

साधने तोकडी म्हणून हात बांधून बसणाऱ्यांनी मालेगावकडे पाहावे. तिथल्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला, तो व्हीसीआर जोडून संपादित केला होता. पुढे त्यांनी हिरव्या पडद्याच्या तंत्राने सुपरमॅनही उडवला. एका चित्रावर दुसरे चित्र बसवण्याचेच ते काम. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावरचा कामगार. फैजा अहमद खान यांनी त्या धडपडीवर 2008 मध्ये माहितीपट केला, आणि 2025 मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला. यंत्रमागाच्या गावाने व्हीसीआरवर जे केले, ते आपण आजच्या संगणकावर करू शकत नाही म्हणणे मला पटत नाही.

चौकटीबद्दल मात्र माझे एक म्हणणे आहे. तिच्यात दुसऱ्या नगाचा काठ घालू नये, आणि तिच्यापुरता रंगही उजळू नये. ज्या नगाचे पैसे घ्यायचे त्याचाच काठ, त्याच उजेडात. गाठ असेल तर गाठही दिसू द्यावी; हातमागाला ती शोभते, आणि माल परत येण्याचा त्रास वाचतो. चौकट एकदा हलावी आणि थांबावी. बघणारा मोबाईल उभा धरून बघतो, हे धरून चालावे. रील करायची असेल तर उजवी कड आणि खालचा भाग बटणे व मजकूर व्यापतात, म्हणून आम्ही चौकट वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरू करतो.

पाऊण लाखाचा तो अंदाज अजून गल्ल्यात पडून आहे. संगणक जुनाच आहे. पुतण्याने दोन रात्री बसून नमुन्याची पद्धत शिकून घेतली, आणि नव्या व्हिडिओत दोनच खुणा ठेवल्या.