बेबी मॉनिटर : मागाच्या घरात काय पाहून घ्यावे?

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, आपल्या कारागीर बांधवांची घरे बहुधा एकाच नमुन्याची असतात. खाली माग, वर संसार. पुढे दुकान, मागे चूल. ज्यांच्याकडे माग नाहीत त्यांच्याकडे शिलाई मशीन असते, जरीकाम असते, कांड्या भरण्याचे काम असते. कामासाठी घर सोडावे लागत नाही, ही या घरांची मोठी सोय. पण त्याच घरात तान्हे मूल आले की अडचण उभी राहते. मूल वर झोपलेले आणि आई खाली कामात. माग चालू असेल तर वर मूल रडते आहे की झोपले आहे, हे खाली कळायला काही मार्ग नसतो.

या अडचणीवर बेबी मॉनिटर नावाची वस्तू आता बाजारात सहज मिळते. साधा प्रकार म्हणजे दोन लहान डबे. एक बाळाजवळ ठेवायचा, दुसरा आईने आपल्याजवळ बाळगायचा. बाळाचा आवाज पहिल्या डब्यातून दुसऱ्या डब्यात ऐकू येतो. महाग प्रकारात कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर किंवा मोबाइलवर दिसते. त्याहून महाग प्रकारात बाळाचा श्वास आणि नाडी मोजण्याचा दावा असतो.

या वस्तूबद्दल आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. काही वडीलधारे म्हणतात, आमची मुले यंत्राशिवाय वाढली, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. काही तरुण मंडळी म्हणतात, मुलाच्या बाबतीत पैसा कसला पाहायचा, सर्वांत महाग असेल तेच घ्या. आमच्या मते दोघेही हिशेब चुकतात.

पहिल्यांना आमचे सांगणे असे की, तुमची मुले यंत्राशिवाय वाढली हे खरे, पण माणसांशिवाय वाढली नाहीत. तेव्हा घरात दादी होती, फुफी होती, चार जावा होत्या. आज अनेक घरांत नवरा, बायको आणि मूल एवढीच माणसे आहेत. कांड्या भरणाऱ्या बाईने मूल पाहायला दिवसातून वीस वेळा जिना चढला आणि दर वेळी तीन मिनिटे गेली असे धरा. रोजचा एक तास गेला. कामाच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात तासाची किंमत सर्वांना माहीत आहे. शिवाय नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या कमरेचा आणि गुडघ्यांचा हिशेब कोणी मांडत नाही, तो वेगळाच. तेव्हा हा चोचला नव्हे. हे कामाचे अवजार आहे आणि अवजार निवडतो त्याच रीतीने ते निवडावे.

दुसऱ्यांना आमचे सांगणे असे की, महाग म्हणजे उपयोगी असे नसते. आम्ही कापडाचे व्यापारी. विजेच्या उपकरणांचे आम्ही इंजिनिअर नाही. पण माल पारखण्याची रीत सर्व मालाला सारखीच असते. लेबल वाचावे, पण विश्वास बोटांवर ठेवावा. गिऱ्हाईक कापड दोन बोटांत चोळते, उजेडात धरते, पाण्यात आटेल का विचारते. या यंत्राचीही तशीच पारख करता येते.

पहिली पारख आवाजाची. यंत्रमागाचा खडखडाट नव्वद डेसिबलच्या वर जातो. त्यात डब्यातून येणारे रडणे ऐकू येणारच नाही. म्हणून मागाजवळ काम करणाऱ्याने दोन गोष्टी असलेलाच संच घ्यावा. एक, आवाज वाढेल तसे पेटत जाणारे लहान दिवे. दुसरी, कमरेला लावल्यावर थरथरणारा डबा. थरथर असली म्हणजे हात धाग्यावर आणि नजर मागावर असतानाही निरोप पोहोचतो. काही संच असे असतात की आवाज झाला तरच चालू होतात, एरवी गप्प राहतात. शांत बंगल्यात ही सोय चांगली. पण बाळाच्या खोलीत मागाचा आवाज येत असेल तर असा संच दिवसभर चालूच राहील आणि दोन दिवसांत आई त्याकडे लक्ष देणे सोडून देईल. तेव्हा संवेदनशीलता कमी-जास्त करता येते की नाही, हे विचारून घ्यावे. आणि बाळाच्या खोलीत माग इतका मोठा ऐकू येत असेल, तर आधी त्या खोलीला घट्ट बसणारे दार करावे, मग यंत्र आणावे. तान्ह्या कानांना त्या आवाजापासून वाचवणे कोणत्याही यंत्राच्या हातात नाही.

दुसरी पारख पल्ल्याची. खोक्यावर तीनशे मीटर लिहिलेले असते. तो पल्ला मोकळ्या मैदानातला. आपल्या घरात सळईचा स्लॅब असतो, पत्र्याची आडभिंत असते, मध्ये लोखंडी यंत्रे असतात. लोखंड आणि पत्रा रेडिओ लहरींना अडवतात. म्हणून संच परत घेण्याच्या बोलीवरच आणावा. बाळाच्या जागी रेडिओ हळू आवाजात लावून ठेवावा आणि दुसरा डबा घेऊन मागाजवळ, चुलीजवळ, गच्चीवर, दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन पाहावे. माग चालू ठेवून पाहावे. जिथे आई खरोखर बसते तिथे आवाज पोहोचला तर संच ठेवावा, नाहीतर परत करावा.

तिसरी पारख आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. मागावर बाणा तुटला की एक काटा माग बंद पाडतो. तो काटा नसेल तर माग तसाच धडधडत राहतो आणि हातभर कापड वाया गेल्यावर कारागिराच्या ध्यानात येते. बेबी मॉनिटरलाही असा काटा हवा. दोन डब्यांमधला संबंध तुटला, बॅटरी संपली किंवा वीज गेली, तर आईजवळच्या डब्याने ताबडतोब इशारा दिला पाहिजे. अशी सोय नसलेल्या संचात डबा गप्प आहे म्हणजे बाळ झोपले आहे असे आई समजते. खरे म्हणजे यंत्र बंद पडलेले असते. असा संच नसलेला बरा, कारण यंत्र नसताना आई निदान जिना तरी चढते. दुकानातच बाळाकडील डब्याची वीज काढून पाहावी. दुसरा डबा ओरडला पाहिजे. तसेच दोन्ही डबे बॅटरीवर चालतात का, हेही पाहावे. पुष्कळ संचांत बाळाकडील डबा फक्त विजेवर चालतो. जिथे वीज वारंवार जाते तिथे असा संच कामाचा नाही.

चौथी गोष्ट तारेची. अमेरिकेत २०११ साली एका कंपनीला सुमारे सतरा लाख व्हिडिओ मॉनिटरांबाबत इशारा काढावा लागला, कारण तार गळ्याला आवळून दोन बाळांचा जीव गेला होता. तार बाळाच्या बिछान्यापासून किमान तीन फूट लांब असावी, असे तेथील ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो. आपल्याकडे तर बाळ झोळीत किंवा पाळण्यात असते आणि पाळणा हलतो. म्हणून हे तीन फूट पाळणा थांबलेला असताना मोजू नयेत. झोका भिंतीकडे जास्तीत जास्त जिथे जातो तिथून मोजावेत. झोळीच्या दोरीला किंवा वरच्या आकड्याला डबा कधीही टांगू नये. बाळ आज उताणे पडून आहे, उद्या ते उभे राहून हात लांब करील, हे लक्षात ठेवावे. काही घरांत मॉनिटरऐवजी जुना मोबाइल चार्जिंगला लावून बाळाच्या गोधडीवर ठेवतात. तो तापतो, त्याची तार बाळाजवळ असते आणि नेट गेले की तो मुका होतो. हे बंद करावे.

आता कॅमेऱ्याबद्दल. कॅमेऱ्याचे दोन प्रकार आहेत. एकाचे चित्र घरातल्या घरात त्याच्याच पडद्यावर जाते. दुसऱ्याचे इंटरनेटवरून मोबाइलवर येते. दुसऱ्या प्रकारात चित्र बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकावरून फिरून येते आणि पासवर्ड कच्चा असेल तर परक्या माणसालाही ते पाहता येते. २०१३ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे एका अनोळखी माणसाने अशा कॅमेऱ्यात घुसून झोपलेल्या मुलीला शिवीगाळ केली. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने एका कॅमेरा कंपनीवर कारवाई केली, कारण तिच्या जवळपास सातशे ग्राहकांच्या घरातील चित्रे इंटरनेटवर उघडी पडली होती. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला की, अशा वस्तूंना सर्वांना सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड देऊन त्या विकता येणार नाहीत.

बाळाची खोली ही बाळाची एकट्याची नसते. तिथे आई दूध पाजते, घरातील स्त्रिया डोक्यावरचा पदर उतरवून बसतात. दुकानात बसलेल्या पुरुषाने आपल्या सोयीसाठी तिथे कॅमेरा लावावा आणि बसवणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर पासवर्ड राहावा, हे आम्हाला मान्य नाही. कॅमेरा लावायचा की नाही, याचा निर्णय त्या खोलीत राहणाऱ्या स्त्रियांचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय तो लावू नये. लावलाच तर पासवर्ड स्वतः बदलावा आणि खोलीत आई आल्याबरोबर कॅमेऱ्याचे तोंड झाकावे. आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या बहुतेक घरांना आवाजाचा साधा संच पुरेसा आहे. मूल रडल्यावर आईला उठायचेच असते. ते पडद्यावर पाहून मग उठण्यात काही बचत नाही.

श्वास मोजणाऱ्या मोज्यांची आणि पट्ट्यांची जाहिरात ऐकून काही लोक मोठी रक्कम घालतात. निरोगी बाळाचा झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा यंत्रांवर विसंबू नये, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनातही सांगितले आहे. बाळाला उताणे निजवावे, अंथरूण घट्ट आणि सपाट असावे, तोंडाजवळ उशा-गोधड्या नसाव्यात, खोलीत विडी-सिगारेट ओढू नये, हे तिचे सांगणे आहे. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. बाळ अशक्त असेल किंवा दिवस पुरे होण्याआधी जन्मले असेल, तर डॉक्टर सांगतील तेच करावे.

या वस्तूचा जन्मच भीतीतून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९३२ साली अमेरिकेत लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाच्या बाळाचे अपहरण होऊन खून झाला. त्या भीतीच्या काळात झेनिथ या रेडिओ कंपनीने १९३७ साली ‘रेडिओ नर्स’ नावाचा पहिला संच काढला. त्याचा बेकेलाइटचा डबा इसामु नोगुची या शिल्पकाराने घडवला होता आणि आवाज घरातल्या विजेच्या तारांमधून जात असे. तेव्हापासून आजपर्यंत या धंद्यात गरजेबरोबर भीतीही विकली जाते. गिऱ्हाइकाने गरज विकत घ्यावी, भीती दुकानातच ठेवावी.

आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाईक भेट म्हणून असे संच आणतात. दुबईच्या मालाची पिन वेगळी असते, वीज मात्र आपल्यासारखीच असते. अमेरिकन अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे का ते पाहावे. फक्त १२० असेल तर आपल्या विजेवर तो जळेल. काही अमेरिकन संचांवर ‘डेक्ट ६.०’ लिहिलेले असते. ते १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्या देशात त्या लहरी मोबाइल सेवेसाठी राखलेल्या आहेत. असे संच येथे लावू नयेत. २.४ गिगाहर्ट्झचे कमी शक्तीचे संच चालतात. त्या पट्ट्याला आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही.

शेवटी, हा माल विकणाऱ्या आपल्या बांधवांना दोन शब्द. खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत नसेल तर तो माल ठेवू नका. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. पक्के बिल द्या. गिऱ्हाइकाला डबा उघडून, वीज काढून, इशारा वाजवून दाखवा आणि आठ दिवसांत परत घेण्याची बोली ठेवा. यात एखादा संच परत येईल, थोडे नुकसान होईल. पण कापडात लपवलेली खोट फार तर एका कुडत्याचे नुकसान करते. या मालातली खोट एखाद्या आईला खोटा भरवसा देते, आणि तिचे मूल वरच्या मजल्यावर एकटे असते.