आधी मिस्त्री, मग इसार

सोने घेताना आपण ते कसोटीवर घासून पाहतो. म्हैस घेताना तिचे दात आणि सड पाहतो. कापड बोटांत चोळतो, तांदळाचे चार दाणे दाताखाली टाकतो. माल पारखण्यात असा हुशार असलेला आपला माणूस जुनी मोटार घेताना मात्र रंगाला भुलतो. त्यात ती गाडी बसकी, दोन दारांची, रुंद टायरांची आणि घुमणाऱ्या आवाजाची स्पोर्ट्स कार असेल तर विचारूच नका. तिथे धंद्यातली सारी अक्कल दाराबाहेर चपलांबरोबर राहते आणि फक्त हौस आत जाते.

हौसेला मोल नसते, हे खरे. पण हौस ज्या पैशाने पुरी करायची त्याला मोल असते. म्हणूनच हा विषय या पानावर घेतला आहे.

रत्नागिरी आणि रायगडच्या गावागावांतून आपली मुले दुबई, शारजा, कुवेतला गेली आहेत. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी दुकानात हिशेब लिहितो. तिथे त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज अशा गाड्या धावतात. फोर्ड मस्टँग २०१६ साली भारतात विक्रीला आली तेव्हा तिची किंमत ६५ लाखांच्या घरात होती. तीच मस्टँग तिकडच्या जुन्या बाजारात पाहिली की चार वर्षे बचत केलेल्या मुलाला वाटते, हे तर जमण्यासारखे आहे. जमतेही. प्रश्न एवढाच की हातात नेमके काय येते?

ओळखीतल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. गावच्या घराच्या स्लॅबसाठी जमवलेल्या पैशातून त्याने एक मस्टँग घेतली. रंग आरशासारखा, एसी थंडगार, दलाल गोड बोलणारा. ‘एकाच मालकाची आहे, दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे,’ असे ऐकताच याने दुपारीच पैसे मोजले. काही आठवड्यांनी स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले म्हणून गाडी रॅम्पवर चढवली. पुढची चेसिस कापून जोडलेली निघाली. डॅशबोर्ड उघडला तर एअरबॅगच्या जागी पोकळी! दलालाने हात वर केले : ‘जशी आहे तशी घेतली, अशी सही तुझीच आहे.’ घराचा स्लॅब आजही पडलेला नाही.

या मुलाला फसवणारा गुन्हेगार आहेच. पण तासाभराची तपासणी केली असती तर हे टळले असते, हेही तितकेच खरे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे. एवढी साधी खूण कोणत्याही जाणत्या मिस्त्रीने सांगितली असती.

अशा गाड्या येतात कोठून, तेही समजून घ्यावे. अमेरिकेत मोठा अपघात झालेली किंवा पुरात बुडालेली गाडी विमा कंपनी भंगारात काढते आणि लिलावात विकते. त्यातल्या पुष्कळ गाड्या कंटेनरमधून आखातात उतरतात, तिथे ठोकपीट आणि रंगरंगोटी होते आणि त्या बाजारात उभ्या राहतात. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन शहर पाण्याखाली गेले, तेव्हा तिथल्या असंख्य मोटारी बुडाल्या. पुढे १६ एप्रिल २०२४ रोजी खुद्द दुबईत विक्रमी पाऊस झाला आणि रस्त्यावरच्या गाड्या खिडक्यांपर्यंत पाण्यात गेल्या. आपल्याला हे नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात बुडालेल्या मोटारी नंतर कोणाकोणाच्या गळ्यात पडल्या, हे मुंबईच्या गॅरेजवाल्यांना विचारावे.

बुडालेली गाडी ओळखता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले असतात. हेडलाइटच्या काचेत आतून वाफ धरलेली असते. गालिचा उचलला की कुबट वास येतो, आणि फार सुगंध फवारलेला असेल तर तीही एक खूणच समजावी.

प्रत्येक मोटारीला १७ अक्षरी क्रमांक असतो. तो काचेच्या खाली, दाराच्या चौकटीवर आणि कागदावर एकच आहे ना, हे आधी पाहावे. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत तयार झालेली असते. पण इथे एक फसगत आहे. आखातासाठी बनवलेली मस्टँगही अमेरिकेतच तयार होते. म्हणून पहिल्या आकड्यावर न थांबता पूर्ण क्रमांक टाकून गाडीचा इतिहास काढावा. त्याला थोडे पैसे पडतात, पण अमेरिकेत अपघाताची किंवा पुराची नोंद झाली असेल तर ती पुष्कळदा तिथेच उघडी पडते. २००५ ते २०१४ च्या मस्टँगमधल्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅग बदलून देण्यासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या. ते काम झाले की नाही, हेही याच क्रमांकावरून कळते.

आता खऱ्या तपासणीकडे येऊ. स्पोर्ट्स कार आणि घरची मोटार यांत फरक आहे. ही गाडी घेणारा ती दौडवण्यासाठीच घेतो. त्यामुळे किलोमीटर कमी दिसले म्हणजे इंजिन ताजे, असे समजू नये. थोडे धावलेले पण बेदम पिटलेले घोडे आणि पुष्कळ चालून नीट राखलेले घोडे, यांत दुसरे बरे.

इंजिन रात्रभर थंड राहिलेले असतानाच सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला तर तेल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरते आहे, म्हणजे हेड गॅस्केटची शंका. काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एखादा फार खाली असेल तर तिथेच सौदा थांबवावा.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनचा असतो. एका दारावर आकडा एकदम कित्येक पटींनी वाढला तर खाली पुट्टी आहे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चार टायर चार वर्षांचे आणि चार कंपन्यांचे असतील, तर मालकाने गाडीची काळजी कशी घेतली ते निराळे विचारायला नको. टायर एकाच कडेला झिजला असेल तर सस्पेन्शन किंवा चेसिस पाहावी. स्कॅनर लावला आणि एकही दोष दिसला नाही, म्हणून खूश होऊ नये. दोष नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात. जाणता मिस्त्री तेवढ्यावरून चोरी पकडतो.

शिवाय प्रत्येक मॉडेलचे आपले एक दुखणे असते. पोर्शेची बॉक्स्टर आणि ९११ घ्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे काही वर्षे त्यांच्या इंजिनात मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग असे होते की ते फुटले तर सबंध इंजिन निकामी. अमेरिकेत मालक कोर्टात गेले आणि २००१ ते २००५ च्या मॉडेलांपुरती तडजोड झाली. अशी गाडी घेताना ऑइल फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का, ते पाहतात. हे सामान्य फिटरला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून तपासणारा त्या गाडीचा जाणकार असावा.

काही जण म्हणतात, ‘गाडी नावावर करताना सरकारी चाचणी होतेच की!’ होते. पण ब्रेक, दिवे, टायर ठीक आहेत आणि गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे, एवढेच ती सांगते. गाडी मागितलेल्या किमतीच्या लायकीची आहे की नाही, हे ती सांगत नाही. आणखी एक भ्रम काढून टाकावा. तिकडे हौसेने घेतलेली डाव्या स्टिअरिंगची किंवा तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही. ती तिकडेच विकावी लागेल, आणि तेव्हा पुढचा गिऱ्हाईक तपासणी करूनच घेईल.

आता दोन शब्द विकणाऱ्या बंधूंना. तपासणी मागणारा गिऱ्हाईक सौदा मोडतो, असे आपल्यापैकी अनेक जण मानतात. माझे मत उलट आहे. सांगितलेल्या ऐबामुळे भाव उतरतो, सौदा मोडत नाही. सौदा मोडतो तो लपवलेल्या ऐबामुळे, आणि तो मोडताना दुकानाचे नावही घेऊन जातो. भिजलेले धान्य वर ठेवायला सांगितल्याचा प्रसंग आपल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. धान्याच्या राशीला जो नियम, तोच मोटारीच्या पुट्टीला. कायद्याच्या भरवशावर मात्र घेणाऱ्याने राहू नये. आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही मूळ सूत्र घेणाऱ्याने सावध राहावे, हेच आहे.

आणि शेवटचे, आपल्या मिस्त्री मंडळींना. मुंबईपासून मालेगावपर्यंत, आणि तिकडे शारजातही, आपले डेंटर, पेंटर, मेकॅनिक उस्ताद आहेत. रंगावर नुसता हात फिरवून गाडी कुठे ठोकली आहे हे सांगणारे हात आपल्याकडे आहेत. पण ही विद्या आपण चहाच्या कपावर फुकट वाटतो, नाहीतर दलालाकडून कमिशन घेऊन गप्प बसतो. दोन्ही चूक. तपासणी हा स्वतंत्र धंदा आहे. रंगमापक, स्कॅनर, कॉम्प्रेशन गेज, बॅटरी आणि जॅक, एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. फी आधी ठरवावी, ती घेणाऱ्याकडूनच घ्यावी, जे दिसले ते कागदावर लिहून सही करून द्यावे. विकणाऱ्याचा एक पैसाही घेऊ नये. ज्याच्या हातात दोघांचा पैसा, त्याच्या शब्दाला किंमत नाही.

घेणाऱ्यानेही ती फी जिवावर येऊन देऊ नये. मिस्त्रीने ‘घेऊ नका’ म्हटले तर पैसे वाया गेले असे नव्हे. तेव्हाच ते सर्वांत जास्त वसूल झाले. आणि विकणारा गाडी रॅम्पवर चढवू देत नसेल, तर तोच तपासणीचा निकाल समजून घरी यावे. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत. गावच्या घराचा स्लॅब मात्र एकदाच पडायचा असतो.